नाण्यावरचा खर्जूरवृक्ष

नाणें हें राष्ट्राचें सर्वांत लहान, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक हातांतून फिरणारें लिखाण होय. ग्रंथ वाचावयास अक्षरओळख लागते, शिलालेखापर्यंत पायपीट करावी लागते; नाणें मात्र भाजीवालीच्या टोपलीपासून सावकाराच्या तिजोरीपर्यंत आपण होऊन पोहोंचतें. असें असूनहि त्यावरील चित्राकडे निरखून पाहणारा मनुष्य विरळा. किंमतीचा आंकडा पाहिला, कीं व्यवहार संपतो. पण तें चित्र तेथें कां आलें, कोणीं आणलें, आणि त्यापूर्वीं तें कोणाच्या नाण्यावर होतें, असे प्रश्न विचारूं लागल्यास कधीं कधीं दोन हजार वर्षांचा इतिहास मुठींत आल्यासारखा होतो. इस्रायल देशाचीं नाणीं हें याचें फार बोलकें उदाहरण आहे.

इ. स. १९४८ च्या मे महिन्यांत हें राज्य जन्मास आलें, तेव्हां तेथील बाजारांत ब्रिटिश अमदानींतील पॅलेस्टाईनचीं नाणीं चालत होतीं. १९२७ सालच्या या नाण्यांवर इंग्रजी, अरबी व हिब्रू अशा तीन लिपींत मजकूर असे, आणि त्यांतील कांहींवर ऑलिव्हची डहाळी कोरलेली असे. एक हजार मिल म्हणजे एक पौंड, असा हिशेब होता. नव्या राज्याच्या स्थापनेबरोबरच युद्ध पेटलें. सुट्या पैशांची टंचाई पडली. आणि त्या धामधुमींत जें पहिलें नाणें पाडण्यांत आलें, तें २५ मिलांचें होतें. धातु अ‍ॅल्युमिनियम, घडण बेताची, आणि चित्र द्राक्षांच्या घोसाचें. हा घोस कोणा नव्या चित्रकाराच्या कल्पनेंतून उतरलेला नव्हता. इ. स. १३२ ते १३५ या काळांत रोमन साम्राज्याविरुद्ध यहुद्यांनीं जो उठाव केला, त्या उठावाच्या नाण्यांवरून तो घेतलेला होता.

टपालाच्या तिकिटांचीहि हीच कथा आहे. १६ मे १९४८ रोजीं विक्रीस आलेलीं पहिलीं तिकिटें छापलीं जात असतां नव्या राज्याचें नांवसुद्धां ठरलेलें नव्हतें. म्हणून त्यांवर केवळ ‘हिब्रू टपाल’ एवढींच अक्षरें आहेत. नांव ठरावयाचें होतें, पण चित्रें ठरलीं होतीं. आणि तीं प्राचीन यहुदी नाण्यांचीं होतीं. हीं तिकिटें ओट्टे वालिश या कलावंतानें रेखाटलीं. पुढील वर्षीं नाण्यांची पहिली पूर्ण मालिका तयार झाली, तिच्या आकृतींचें कामहि त्याच्याकडेच आलें.

१९४९ च्या त्या मालिकेंत मिलाची जागा ‘प्रुता’ या नाण्यानें घेतली. प्राचीन यहुदी धर्मशास्त्रांत सर्वांत लहान नाण्यास हेंच नांव आहे. एका प्रुतावर जहाजाचा नांगर, पांचांवर चार तारांची वीणा, दहांवर दोन कानांचा कलश, पंचविसांवर द्राक्षांचा घोस, पन्नासांवर द्राक्षवेलीचें पान, शंभरांवर फळांनीं लगडलेला खर्जूरवृक्ष, अडीचशेंवर सातूच्या तीन ओंब्या आणि पांचशेंवर तीन डाळिंबें, अशी ही योजना होती. सनहि यहुदी कालगणनेचा, हिब्रू अक्षरांत लिहिलेला. देशांत पुरेशी टांकसाळ नसल्यानें हीं नाणीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं पाडून घ्यावीं लागलीं. एका साम्राज्याविरुद्धच्या जुन्या उठावाचीं चिन्हें, नुकत्याच निघून गेलेल्या दुसऱ्या साम्राज्याच्या कारखान्यांत पुन्हां छापलीं गेलीं. इतिहासाला असा विनोद अधूनमधून सुचतो.

हीं आठ चित्रें सहज पाहणाऱ्यास शेतकऱ्याच्या अंगणांतील वाटतील. फळें, पानें, धान्य, घडा आणि एक वाद्य. पण त्यांतील प्रत्येकाला जन्मतारीख आहे, आणि ती बहुधा संकटाच्या काळांतील आहे.

यहुदी नाण्यांचा आरंभ इराणी साम्राज्याच्या काळीं, इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत झाला. त्या वेळीं यरुशलेमच्या आसपासचा प्रदेश ‘यहूद’ या नांवाचा एक लहानसा प्रांत होता. तेथील रुप्याचीं नाणीं इतकीं चिमुकलीं, कीं बोटाच्या टोंकावर मावावीं. त्यांतील कांहींवर अथेन्सच्या नाण्यांची नक्कल करून घुबड कोरलें आहे; कांहींवर लिलीचें फूल आहे; आणि शेजारीं प्राचीन हिब्रू लिपींत ‘यहूद’ हीं अक्षरें आहेत. त्यानंतर ग्रीकवंशीय सेल्युकस घराण्याचें राज्य आलें. त्याच्याविरुद्ध इ. स. पूर्वीं १६७ च्या सुमारास बंड होऊन हॅस्मोनियन याजकांचें घराणें पुढें सत्तेवर आलें. या घराण्यांतील योहान हिर्कानस यानें तांब्याचीं नाणीं पाडलीं. एका बाजूस पानांच्या चक्राकार माळेंत ‘योहानान महायाजक आणि यहुद्यांची सभा’ असा लेख, आणि दुसऱ्या बाजूस फळाफुलांनीं भरलेलीं दोन शिंगें व त्यांच्या मधोमध एक डाळिंब. राज्यकर्त्यानें आपलें नांव प्रजेच्या सभेच्या नांवाबरोबर लिहावें, ही गोष्ट त्या युगांत लक्षांत घेण्यासारखी आहे.

येथें एक विचार करण्याजोगी बाब दिसते. फळाफुलांनीं भरलेलें शिंग हें यहुदी चिन्ह नव्हेच. तें ग्रीकांचें समृद्धीचें चिन्ह होय. ग्रीक राजांच्या नाण्यांवर तें सर्रास आढळतें. यहुदी कारागिरानें तें उचललें आणि दोन शिंगांच्या मध्यें डाळिंब ठेवून आपलेंसें केलें. डाळिंब मात्र अस्सल घरचें. महायाजकाच्या वस्त्राच्या किनारीला डाळिंबांचे गोंडे असत, असें यहुदी धर्मग्रंथ सांगतो. नांगराचीहि हीच हकीकत. अलेक्झांडर यन्नाय या राजानें, इ. स. पूर्वीं १०३ ते ७६ या कारकीर्दींत, नांगराचें चित्र असलेलीं नाणीं पाडलीं. समुद्रकिनाऱ्यावरील शहरें त्यानें जिंकलीं होतीं, त्यांची ही खूण, असें पुष्कळ पंडित मानतात. परंतु नांगर हें मूळ सेल्युकस घराण्याचें कुलचिन्ह. त्या वंशाच्या मूळपुरुषाच्या मांडीवर नांगराच्या आकाराची जन्मखूण होती, अशी आख्यायिका जुन्या इतिहासकारांनीं नमूद केली आहे. ज्या घराण्याशीं झगडून हॅस्मोनियनांनीं राज्य मिळविलें, त्याच घराण्याचा नांगर त्यांनीं आपल्या नाण्यावर घेतला. आणि तोच १९४९ सालीं एका प्रुतावर आला. जेत्याचें चिन्ह जिताच्या हातीं आलें, म्हणजे तें कांहीं पिढ्यांनीं जिताचेंच होऊन जातें.

या नाण्यांवर जें नाहीं, तेंहि पाहण्यासारखें आहे. ग्रीक व रोमन नाण्यांवर राजाचा मुखवटा हा मुख्य विषय असे. हॅस्मोनियनांच्या नाण्यांवर एकहि मानवी चेहरा नाहीं. कोरीव मूर्ति करूं नये, या धर्माज्ञेचा तो परिणाम होय. पुढें इ. स. ४१ ते ४४ या काळांत राज्य करणाऱ्या पहिल्या हेरोद अग्रिप्पानें यांत मोठी हुशारी दाखविली. यहुदी नसलेल्या शहरांच्या नाण्यांवर त्यानें स्वतःचें मुख कोरविलें. पण यरुशलेमसाठीं पाडलेल्या नाण्यावर मात्र एका बाजूस सातूच्या तीन ओंब्या आणि दुसऱ्या बाजूस झालरीचें छत्र ठेविलें. छत्र म्हणजे राजसत्ता, हा संकेत महाराष्ट्रीयांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्या राजाच्या शिवराईवर ‘छत्रपति’ हीं अक्षरें होतीं, त्याच्या मुलखांत तो घरोघरीं ठाऊक आहे. इस्रायलच्या कारागिरांनीं या नाण्यावरून ओंब्या घेतल्या, छत्र मात्र सोडून दिलें. प्रजासत्ताकाला छत्र काय कामाचें!

आज सर्वांत प्रसिद्ध असलेलें चिन्ह, म्हणजे सप्तशाख दीपवृक्ष, नाण्यावर प्रथम कोणीं आणलें? त्याचें उत्तर एका पराभूत राजाच्या नांवाशीं निगडित आहे. मत्तथ्या अँटिगोनस हा हॅस्मोनियन घराण्याचा शेवटचा राजा. इ. स. पूर्वीं ४० सालीं पार्थियनांच्या साह्यानें तो गादीवर बसला. रोमनें त्याच्याविरुद्ध हेरोदाला राजा म्हणून मान्यता दिली होती. इ. स. पूर्वीं ३७ मध्यें हेरोदाच्या आणि रोमन सेनापतीच्या फौजांनीं यरुशलेमला वेढा घातला. अँटिगोनस हा राजा होता तसाच महायाजकहि होता. त्यानें आपल्या एका लहान तांब्याच्या नाण्यावर मंदिरांतील दीपवृक्ष आणि पाठीमागें समर्पित भाकरींचा मेज कोरविला. देवालयाच्या गाभ्यांतील, सामान्य जनांच्या दृष्टीस न पडणाऱ्या या वस्तु बाजारांतील पैशावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. ज्या मंदिरासाठीं लढावयाचें, त्याची आठवण प्रजेच्या हातांत द्यावी, असा हेतु अनेक अभ्यासक यांत पाहतात. वेढा टिकला नाहीं. शहर पडलें, अँटिगोनसास अँटिओक येथें देहान्ताची शिक्षा झाली, घराणें संपलें. तें नाणें अत्यंत दुर्मिळ आहे, पण त्यावरील दीपवृक्ष मात्र पुसला गेला नाहीं.

यानंतरचा अध्याय इ. स. ६६ चा. रोमन अधिकाऱ्यांच्या जुलमाला कंटाळून यहुद्यांनीं मोठें बंड उभारलें, आणि बंड उभारतांच नाणीं पाडलीं. त्यापूर्वीं मंदिराचा वार्षिक अर्धा शेकेल कर भरण्यासाठीं टायर शहराचीं रुप्याचीं नाणीं वापरावीं लागत. त्यांचें रुपें चोख होतें. पण त्यांवर मेल्कार्त या परक्या दैवताचें मुख आणि गरुड कोरलेला होता. देवाला भरावयाचा कर दुसऱ्या देवाच्या चित्रानें भरावयाचा, ही विटंबना पिढ्यान्‌पिढ्या चालली होती. बंडखोरांनीं त्याच वजनाचा, सुमारें १४ ग्रॅमचा, स्वतःचा शेकेल काढला. एका बाजूस मंदिरांतील पात्र व ‘इस्राएलाचा शेकेल’ हे शब्द. दुसऱ्या बाजूस एकाच देंठावर तीन डाळिंबें व ‘पवित्र यरुशलेम’ हे शब्द. भाषा नित्याची नव्हे, लिपीहि नित्याची नव्हे. त्या काळीं व्यवहारांत चौकोनी हिब्रू लिपि चालत असतां नाण्यांवर शेंकडों वर्षांपूर्वींची जुनी लिपि मुद्दाम वापरली. म्हणजे प्राचीन चिन्हें उकरून काढून नव्या राज्याला जुनेपणाचा मान मिळवून देण्याची युक्ति १९४९ सालची नाहीं, ती इ. स. ६६ सालींहि जुनीच होती.

या बंडाच्या तांब्याच्या नाण्यांवरील लेख तर काळीज हलवून सोडतात. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षींच्या नाण्यांवर कलश व द्राक्षवेलीचें पान आहे, आणि शब्द आहेत ‘सियोनचें स्वातंत्र्य’. चौथ्या वर्षीं वेढा आवळत आला, रुपें दुर्मिळ झालें, आणि तांब्याच्याच मोठ्या नाण्यांवर शब्द बदलले: ‘सियोनच्या उद्धारासाठीं’. स्वातंत्र्य ही मिळविलेली गोष्ट. उद्धार ही मागावयाची गोष्ट. एका वर्षांत आशेनें प्रार्थनेचें रूप घेतलें, तें या दोन शब्दांत टिपलें गेलें आहे. या चौथ्या वर्षाच्या एका नाण्यावर खर्जूरवृक्ष आहे; त्याच्या दोन्ही अंगांस खजुरानें भरलेली एकेक टोपली आहे. इ. स. ७० सालीं यरुशलेम पडलें आणि मंदिर जळालें. पांचव्या वर्षाचे शेकेल फार थोडे निघाले. ते पाडणारी टांकसाळहि बहुधा त्या आगींतच गेली असावी.

आतां त्या खर्जूरवृक्षाचें पुढें काय झालें, तें पाहावें. विजयी रोमनें मोठमोठीं नाणीं पाडलीं. त्यांवर एका बाजूस सम्राट् व्हेस्पाशियनचें मुख आणि दुसऱ्या बाजूस तोच खर्जूरवृक्ष. पण त्याच्या खालीं एक स्त्री गुडघ्यांत मान घालून शोक करीत बसली आहे. बाजूस हात बांधलेला कैदी उभा आहे. आणि लेख आहे ‘यहुदिया जिंकली’. व्हेस्पाशियनचा पुत्र टायटस यानेंहि हा प्रकार चालूं ठेविला. ज्या वृक्षाखालीं बंडखोरांनीं फळांच्या टोपल्या ठेविल्या होत्या, त्याच वृक्षाखालीं जेत्यानें बंदिवान बसविले. चित्र एकच, अर्थ नेमका उलट. रोममधील टायटसच्या कमानीवर सैनिक दीपवृक्ष खांद्यावरून मिरवीत नेत असल्याचें शिल्प आहे. तेथेंहि हाच न्याय. पूजेची वस्तु लुटीची वस्तु झाली, आणि ती पाषाणांत कायमची कोरली गेली.

साठ वर्षांनीं खर्जूरवृक्ष परत आला. इ. स. १३२ मध्यें शिमोन बार कोसिबा, ज्यास इतिहास बार कोखबा म्हणजे ‘ताऱ्याचा पुत्र’ या नांवानें ओळखतो, यानें सम्राट् हेड्रियनविरुद्ध उठाव केला. त्याच्यापाशीं नवीन नाण्यांसाठीं धातु नव्हता, आणि तो मिळविण्याची गरजहि त्यास वाटली नाहीं. चलनांत फिरणारीं रोमन नाणीं गोळा करून त्यांवरच नवे ठसे मारावयाचे, अशी रीत त्याच्या टांकसाळींत होती. तांब्याचीं नाणीं आधीं कानशीनें घासून घेत. रुप्याचीं बहुधा तशींच ठशाखालीं घालीत. सम्राटाच्या मुखावर द्राक्षाचा घोस बसे, देवतेच्या आकृतीवर वीणा बसे. ठसा हलका पडला, तर घोसाच्या पानांमागून सम्राटाचें नाक किंवा त्याच्या नांवाचीं एक-दोन अक्षरें अजूनहि डोकावतात. राजद्रोह याहून प्रत्यक्ष स्वरूपांत क्वचितच पाहावयास मिळेल. मोठ्या रुप्याच्या नाण्यांवर, साठ वर्षांपूर्वीं जळून गेलेल्या मंदिराचा चार खांबांचा दर्शनी भाग कोरला होता. आणि तांब्याच्या नाण्यावर सात झावळ्यांचा, दोन्ही बाजूंस फळांचे घोस लोंबणारा खर्जूरवृक्ष होता. रोमनें शोकासाठीं नेलेलें झाड त्यानें परत आणून आपल्या अंगणांत लाविलें.

एक गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी. या दोन्ही उठावांच्या नाण्यांवर तलवार नाहीं, भाला नाहीं, ढाल नाहीं. तीन-चार वर्षें साम्राज्याशीं झुंजणाऱ्या लोकांनीं आपल्या पैशावर पात्र, कलश, वीणा, मंदिराचे कर्णे, सणाच्या वेळीं हातीं धरावयाची झावळी व महाळुंग, द्राक्षें आणि खजूर हींच कोरलीं. कशानें लढावयाचें तें त्यांनीं लिहिलें नाहीं; कशासाठीं लढावयाचें तेवढें लिहिलें. उठाव १३५ सालीं चिरडला गेला. हेड्रियननें प्रांताचें नांव बदलून ‘सिरिया पॅलेस्टिना’ केलें, आणि यहुदी राज्याचीं नाणीं यानंतर अठराशेंहून अधिक वर्षें निघालीं नाहींत.

या दीर्घ काळांत चिन्हें कोठें होतीं? दीपवृक्ष प्रार्थनामंदिरांच्या फरशींवर व थडग्यांच्या दगडांवर राहिला. झावळी आणि महाळुंग दरवर्षीं मंडपांच्या सणाला हातांत येतच राहिलीं. शेकेल हें नांव धर्मग्रंथांत राहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झायोनिस्ट चळवळ उभी राहिली, तेव्हां तिच्या सभासदांच्या वर्गणीलाहि ‘शेकेल’ हेंच नांव देण्यांत आलें. नाणीं पुरलीं गेलीं, पण त्यांवरील वस्तु घरांत वापरांत राहिल्या. म्हणून १९४८ सालीं तीं चित्रें परकीं वाटलीं नाहींत.

नव्या राज्यानें पुढेंहि हाच मार्ग धरला. १९५८ सालीं राज्यस्थापनेस दहा वर्षें झालीं, त्या निमित्तानें काढलेल्या पदकाच्या एका बाजूस रोमचें तें ‘यहुदिया जिंकली’ नाणें जसेंच्या तसें घेतलें; दुसऱ्या बाजूस खर्जूरवृक्ष तोच, पण रडणाऱ्या स्त्रीच्या जागीं बालकास उंच उचलणारी माता, आणि कैद्याच्या जागीं रोप लावणारा पुरुष. १९६० मध्यें प्रुता जाऊन ‘अगोरा’ आला. हा शब्दहि जुन्या धर्मग्रंथांतलाच. त्यांतील दहा अगोरांवर खर्जूरवृक्ष होता. १९८० मध्यें शेकेल आला. महागाईच्या तडाख्यांत त्याची किंमत इतकी घसरली, कीं १९८५ मध्यें एक हजार जुन्या शेकेलांचा एक नवा शेकेल करावा लागला. पवित्र नांव दिल्यानें नाण्याचें मोल टिकत नाहीं, हा धडा तेथील जनतेनें तेव्हां घेतला. नव्या एक शेकेलावर इराणी काळांतील लिली व ‘यहूद’ हीं जुन्या लिपींतील अक्षरें आलीं. १९९५ मध्यें निघालेल्या दहा शेकेलांच्या नाण्यावर सात झावळ्यांचा खर्जूरवृक्ष व दोन टोपल्या आल्या, आणि त्यांसह ‘सियोनच्या उद्धारासाठीं’ हे बंडाच्या चौथ्या वर्षाचे शब्द, जुन्या व नव्या अशा दोन्ही लिपींत. २००७ च्या अखेरीस दोन शेकेलांवर हिर्कानसचीं दोन शिंगें व त्यांमधील डाळिंब परत आलें.

परंतु भूतकाळांतून चिन्ह उचलणें हें निर्धोक काम नाहीं, याचीं दोन उदाहरणें याच मालिकेंत आहेत. १९८५ मधील अर्ध्या शेकेलावर एक सुरेख वीणा आहे. ती एका प्राचीन मुद्रेवरून घेतली. ‘राजकन्या माअदाना हिची’ असा लेख त्या मुद्रेवर होता आणि १९७८ मध्यें ती एका नामांकित पंडितानें प्रसिद्ध केली होती. मात्र ती उत्खननांत सांपडलेली नव्हती, जुन्या वस्तूंच्या बाजारांतून आलेली होती. पुढें तज्ज्ञांनीं तिच्या अस्सलपणाविषयीं गंभीर शंका घेतल्या, आणि ती अर्वाचीन बनावट असावी, असें पुष्कळांचें मत झालें. तोंपर्यंत तिची वीणा लाखों खिशांत जाऊन बसली होती. खोटें नाणें ओळखण्याची विद्या जुनी आहे. येथें नाणें खरें आणि त्यावरील प्राचीनता संशयास्पद, असा उफराटा प्रकार घडला.

दुसरें उदाहरण अधिक कडू आहे. त्याच वर्षींच्या दहा अगोरांच्या नाण्यावर अँटिगोनसचा दीपवृक्ष आहे. कलावंत नाथन कार्प यानें नुसता दीपवृक्ष न काढतां, झिजलेल्या मूळ नाण्याचा वेडावांकडा कांठहि त्याच्या भोंवतीं दाखविला. १९९० सालीं पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांनीं जिनीव्हा येथें संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत हें नाणें पुढें करून, हा कांठ म्हणजे ‘बृहत् इस्रायल’चा नकाशा आहे, असा आरोप केला. इस्रायलनें तो नाकारला. मूळ नाणें दाखवून ती जुन्या तांब्याची झीज आहे, हें सांगतां येण्यासारखें होतें आणि तें खरेंहि होतें. पण खुलाशानें प्रश्न पूर्ण मिटत नाहीं. ज्याला त्या भूमींतून घर सोडून जावें लागलें, किंवा जो परक्या लष्करी अमलाखालीं राहतो, त्याला दुसऱ्याच्या प्राचीन स्मृतींत स्वतःच्या जमिनीवरील दावा दिसतो. त्याला दीपवृक्षाआधीं त्याचा कांठ दिसतो. याच नाण्यांवर इस्रायलचें नांव हिब्रूबरोबर अरबी लिपींतहि लिहिलेलें आहे. चिन्हें मात्र एकाच समाजाच्या स्मृतींतून आलेलीं आहेत. खर्जूरवृक्षाचे रोमनें व बार कोखबानें दोन अर्थ केले होते. दीपवृक्षाच्या वांट्यालाहि दोन अर्थ आले.

हा प्रश्न एका देशापुरता नाहीं. इस्रायलची पहिली मालिका निघाली, त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९५० मध्यें, भारतानें आपल्या नाण्यावरून इंग्लंडच्या राजाचें मुख काढून तेथें सारनाथचें अशोकाचें सिंहशीर्ष बसविलें. दोन्ही देश नुकतेच एकाच साम्राज्याच्या अमलाखालून सुटलेले. दोघांनींहि नजीकच्या भूतकाळावरून उडी घेऊन दोन हजार वर्षांपलीकडील चिन्ह शोधलें. नवें राज्य जितकें कोवळें, तितका त्याला जुन्या साक्षीदाराचा आधार हवासा वाटतो. मात्र साक्षीदार निवडतांना कोणाची साक्ष काढली आणि कोणाची राहून गेली, हें नाणें सांगत नाहीं. तें इतिहासानें सांगावयाचें असतें.

या नाण्यांचा एक धागा कोंकणापर्यंतहि येतो. अलिबाग-पेणच्या खेड्यांतून तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवार पाळणारे ‘शनिवार तेली’, म्हणजेच बेने इस्रायल, शतकानुशतकें मराठी बोलत आले. १७९६ सालीं त्यांनीं मुंबईंत आपलें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य कुटुंबें इस्रायलला गेलीं. तेथून त्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकहि चालविलें. ज्यांच्या घरीं मलिद्याच्या ताटांत खजूर ठेवण्याची चाल होती, त्यांच्या हातांत खर्जूरवृक्षाचें नाणें आलें. आणि त्यावरील डाळिंबांचा किंवा ओंब्यांचा हिशेब पुष्कळ घरांत मराठींतून झाला.

त्या झाडाची आणखी एक हकीकत आहे. प्राचीन यहुदियांतील खजुराची प्रसिद्ध जात काळाच्या ओघांत नष्ट झाली होती. मृतसमुद्राकांठच्या मसाडा किल्ल्यावर १९६० च्या दशकांत उत्खनन झालें, तेव्हां खजुराच्या कांहीं जुन्या बिया सांपडल्या. त्यांतील सुमारें दोन हजार वर्षांची एक बी २००५ सालीं जमिनींत घातली, आणि तिला कोंब फुटला. तें झाड पुढें वाढलें. बंडखोरांच्या, रोमच्या आणि नव्या राज्याच्या अशा तिन्ही नाण्यांवर कोरलें गेलेलें तें झाड या तिघांचेंहि म्हणणें न ऐकतां, पाणी व ऊन मिळतांच उगवलें. नाण्यावरच्या झाडाला मात्र अर्थ माणसेंच देतात, आणि तो देण्याची जबाबदारीहि त्यांचीच राहते.